नर्सिंग बोर्डाचा मॉनिटरिंग प्रोग्रॅम : अमेरिकेतल्या मराठी नर्सेसचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नर्स म्हणून काम करताना दारू, वेदनाशामक गोळ्या किंवा इतर नशेच्या कारणाने नर्सिंग बोर्डाकडे (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे) प्रकरण गेलेल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी हे पान आहे. मी स्वतः नर्स आहे आणि अशा नर्सेसच्या सपोर्ट ग्रुपमध्ये स्वयंसेवक म्हणून बसते. मराठी नर्सेस तिथे एकेकट्या येतात आणि तेच ते प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे मोकळेपणाने दिली आहेत. नियम राज्याराज्यांत वेगळे असतात, म्हणून तुमच्या करारात जे लिहिलं असेल तेच तुमच्यासाठी शेवटचं.

हा प्रोग्रॅम म्हणजे नेमकं काय? शिक्षा की उपचार?

व्यसन हा आजार आहे हे धरून, नर्सने उपचार घ्यावेत, ठरावीक वर्षं देखरेखीखाली राहावं आणि लायसन्स टिकवावं, अशी ही सोय आहे. फ्लोरिडाने 1983 मध्ये कायदा करून नर्सेससाठी असा पहिला कार्यक्रम सुरू केला, त्याला आयपीएन म्हणतात. टेक्सासमध्ये टीपॅपन आहे, न्यू जर्सीत रॅम्प. आज बहुतेक राज्यांत काही ना काही व्यवस्था आहे.

यात दोन वाटा असतात आणि आपण कुठल्या वाटेवर आहोत हे पहिल्या दिवशीच समजून घ्या. एक वाट गोपनीय : तुम्ही स्वतःहून गेलात किंवा बोर्डाने सवलत दिली, की करार होतो आणि तो पाळला तर सहसा लायसन्सवर जाहीर शेरा येत नाही. दुसरी वाट शिस्तभंगाची : बोर्डाचा आदेश निघतो, प्रोबेशन लागतं, ते बोर्डाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं आणि राष्ट्रीय डेटा बँकेतही (आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या कारवायांच्या सरकारी नोंदवहीत) नोंद होते. टेस्ट, मीटिंगा, रिपोर्ट हे दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं.

मॅनेजरने बोलावलं, वॉर्डातल्या औषधं देणाऱ्या मशिनचा हिशेब जुळत नाही म्हणाली आणि घरी पाठवलं. आता काय करू?

सगळ्यात आधी, एकट्या राहू नका. नोकरी, लायसन्स आणि अब्रू एकाच दिवशी हातातून जातेय असं वाटतं तेव्हा माणूस जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतो. हे मी हातचं राखून लिहीत नाही, कारण या पहिल्या काही दिवसांतच आपली माणसं गेली आहेत. तसे विचार आले तर 988 हा मदतवाहिनीचा नंबर फिरवा, तो रात्रंदिवस चालू असतो. बहीण, मैत्रीण, शेजारीण, कुणालातरी घरी बोलावून घ्या.

रोज घेत असाल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या अचानक तोडल्या की झटके येऊ शकतात, हे आपल्याला वॉर्डात माहीत असतं आणि स्वतःच्या बाबतीत विसरतो. डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवणं, हॉस्पिटलच्या देखरेखीखालीच करा.

मग वकील. हॉस्पिटलचा जबाब, तपास अधिकाऱ्याशी फोन, बोर्डाच्या पत्राला उत्तर यातलं काहीही करण्याआधी नर्सिंग लायसन्सची प्रकरणं लढणारा वकील गाठा. नर्स-वकिलांची 'ताना' नावाची अमेरिकन संघटना आहे, तिथून नाव मिळतं. तुमची स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी (कामातल्या चुकांच्या दाव्यांसाठीचा विमा) असेल तर ती काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींत बोर्डाच्या चौकशीतला वकिलाचा खर्च धरलेला असतो आणि लोकांना त्याचा पत्ताच नसतो.

घाबरून लायसन्स परत करू नका. "नकोच ते, दुसरं काहीतरी करीन" असं वाटणं साहजिक आहे. पण चौकशी चालू असताना लायसन्स परत केलं की त्याची नोंद डेटा बँकेत होते आणि केंद्र सरकार तुमचं नाव मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांच्या बंदी यादीत टाकू शकतं. त्या यादीत नाव गेलं की हॉस्पिटलात साधं क्लार्कचं काम मिळणंही मुश्किल होतं.

उपचारासाठी रजा हवी असेल तर एफएमएलए कायद्याखाली 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मागता येते. त्यासाठी तुम्ही तिथे निदान 12 महिने आणि 1,250 तास काम केलेलं असावं लागतं आणि मालकाकडे 50 किंवा जास्त कर्मचारी असावे लागतात.

मी एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर आहे. माझ्यासाठी काही वेगळं आहे का?

हो, आणि तुमच्या अमेरिकन सहकारी नर्सेसना याची कल्पना नसते. त्या प्रेमाने सांगतील, "सही करून टाक, सगळं कबूल कर, हलकं वाटेल." त्यांच्यासाठी तो सल्ला ठीक असेल. तुम्ही मात्र लायसन्सच्या वकिलाबरोबर इमिग्रेशनचा वकीलही बसवा आणि मगच सही करा.

कारण असं. इमिग्रेशन कायद्यात नियंत्रित औषधांच्या गुन्ह्याला फारच थोडी सूट आहे. गुन्हा सिद्ध झाला नाही तरी त्यातले मुद्दे तुम्ही स्वतः कबूल केलेत, तर पुढे देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कोर्टात "गुन्हा मान्य करा, वर्षभर नीट वागा, मग केस रद्द" अशी सवलत मिळते, तीही इमिग्रेशनच्या हिशेबात बहुतेकदा दोषसिद्धीच धरतात. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात तो नाही, त्यामुळे नागरिकत्वाच्या अर्जात तोही नडतो. प्रोग्रॅमच्या करारात पुष्कळदा "मी अमुक तारखेला अमुक औषध घेतलं" अशी वाक्यं असतात. ती कशी लिहायची, लिहायची की नाही, हे दोन्ही वकिलांनी मिळून ठरवावं.

एच-वन-बीवर नोकरी सुटली तर जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत असते. प्रोग्रॅममध्ये पहिले काही महिने काम बंदच ठेवायला सांगतात, म्हणून हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात वकिलापुढे ठेवा. आणि ग्रीन कार्ड असलं तरी अटक किंवा खटला झालेला असताना वकिलाला न विचारता भारताचं तिकीट काढू नका. परत येताना विमानतळावर अडचण होते.

करारात साधारण काय काय असतं?

मुदत बहुधा 3 ते 5 वर्षं. व्यसनतज्ज्ञाकडून मूल्यमापन आणि तो सांगेल तो उपचार. दारूसह सगळ्या नशेपासून पूर्ण लांब राहणं, मग तुमची अडचण फक्त गोळ्यांची असली तरी. रँडम टेस्ट, रोजचं चेक-इन, नर्सेसचा सपोर्ट ग्रुप, कामाच्या जागी लक्ष ठेवणारा मॉनिटर आणि दर तीन महिन्यांनी त्याचा रिपोर्ट. सुरुवातीचे सहा महिने ते वर्षभर नार्कोटिक्सच्या (अफूवर्गातल्या वेदनाशामकांच्या) चाव्या हातात मिळत नाहीत. नाईट, ओव्हरटाइम, एजन्सीचं काम, घरी जाऊन करायचं नर्सिंग, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात पाठवणं हे बहुतेक ठिकाणी बंद असतं. तुमचं लायसन्स अनेक राज्यांत चालणारं असेल तर ते प्रोग्रॅम संपेपर्यंत एकाच राज्यापुरतं होतं.

पाच वर्षं ऐकून पोटात गोळा येतो. पण 2020 मध्ये 7,737 नर्सेसच्या नोंदी तपासून झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पाच वर्षांची मुदत, महिन्यातून दोनदा रँडम टेस्ट आणि रोजचं चेक-इन असलेल्या नर्सेस प्रोग्रॅम पूर्ण करण्यात जास्त यशस्वी होतात. हे तीन शब्द करारात दिसले की चिडण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

रोजचं चेक-इन आणि टेस्ट प्रत्यक्षात कशी होते?

रोज सकाळी ठरलेल्या वेळेत ॲप उघडायचं किंवा फोन करायचा. "आज टेस्ट नाही" किंवा "आज टेस्ट आहे" एवढंच कळतं. रविवार, दिवाळी, लग्नाचा वाढदिवस, ताप, सगळे दिवस धरून. नंबर लागला तर त्याच दिवशी कलेक्शन सेंटरवर जायचं. चेक-इन विसरणं हा करारभंग मानतात आणि टेस्टला न जाणं म्हणजे बहुतेक ठिकाणी पॉझिटिव्हच.

तिथे बॅग, कोट, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. खिसे रिकामे करून दाखवायचे, हात धुवायचे. संडासातलं पाणी निळं केलेलं असतं, म्हणजे नमुन्यात पाणी मिसळता येऊ नये. कपावर तापमानाची पट्टी असते आणि चार मिनिटांच्या आत ती 90 ते 100 अंश फॅरनहाइट दाखवायला हवी. मग तुमच्यासमोर नमुना दोन बाटल्यांत ओततात, सील लावतात, सीलवर तुमची आद्याक्षरं आणि तारीख. काही वेळा बाई कर्मचारी आत उभी राहून बघते. पहिल्यांदा हे फार अपमानाचं वाटतं, डोळ्यात पाणी येतं. त्या कर्मचारीबाईंचा तो रोजचा धंदा असतो, त्या तुमच्याबद्दल काहीही विचार करत नसतात.

सीलवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे हे बघितल्याशिवाय सही करू नका. आणि तुमची प्रत न घेता बाहेर पडू नका.

चेक-इनसाठी मोबाइलवर दोन अलार्म लावा आणि घरातल्या एकाला तिसरा लावायला सांगा. ड्युटीवर निघण्याआधी चेक-इन झालेलंच असलं पाहिजे, कारण एकदा हँडओव्हर सुरू झाला की दुपार कधी होते कळत नाही.

"डायल्यूट" असा रिपोर्ट आला. मी काहीच केलं नाही!

लघवीतलं क्रिएटिनिन डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की नमुना पातळ धरतात आणि शंका घेतात. शाकाहारी आणि बारीक चणीच्या बायकांचं क्रिएटिनिन मुळातच कमी असू शकतं. त्यात एकादशीचा उपवास, दिवसभर पाणी आणि ताक, संध्याकाळी टेस्ट, की झालं. शक्यतो सकाळची पहिली किंवा दुसरी लघवी द्या, आधीच्या दोन तासांत भराभर पाणी पिऊ नका, उपवासाच्या दिवशी डाळ किंवा दाणे पोटात जाऊ द्या. वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून त्याचा कागद केस मॅनेजरकडे (प्रोग्रॅममध्ये तुमचं प्रकरण सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे) द्या.

खाण्यापिण्यात काय टाळू? दिवाळीचं काय?

मराठी घरातला खरा प्रश्न खसखशीचा आहे. खसखस अफूच्याच बोंडातून येते आणि तिच्यावर मॉर्फिन आणि कोडीनचा अंश राहिलेला असतो. खाल्ल्यावर एक-दोन दिवस टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. याच कारणाने केंद्र सरकारने नोकरीच्या टेस्टमधली अफूवर्गाची मर्यादा 1998 मध्ये 300 वरून 2,000 नॅनोग्रॅमवर नेली होती, पण तुमच्या प्रोग्रॅमची मर्यादा त्याहून कमी असू शकते. 2023 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं.

म्हणजे अनारसे बंद. अनारसा खसखशीवरच थापतात, वरची झटकून खाल्ला तरी चालत नाही. करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, मटणाच्या वाटणात, खसखशीच्या खिरीत ती असते. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत ताट पुढे आलं की "यात खसखस आहे का?" विचारायला संकोच वाटतो, कारण पुढचा प्रश्न "का गं?" असतो. "मला सोसत नाही" एवढं पुरेसं आहे. शंकरपाळे, चकली, बेसनाचे लाडू खुशाल खा. अमेरिकन बेकरीतल्या बेगल आणि मफिनवरचे काळे-निळे दाणेही खसखसच असतात.

दारूसाठी लघवीची ईटीजी टेस्ट करतात. ती फार संवेदनशील आहे, प्यायल्यावर तीन दिवस आणि कधी त्याहूनही जास्त काळ पकडते. म्हणून माउथवॉश, व्हॅनिला इसेन्स, कोंबूचा, "नॉन-अल्कोहोलिक" बीअर हे सगळं सोडा. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातूनच दारू तयार होते, बाटलीवर तसं छापलेलं असतं. होमिओपॅथीचे थेंबही दारूतच असतात. होळीच्या थंडाईत भांग असू शकते, तेव्हा दुसऱ्याने केलेली थंडाई नकोच.

सॅनिटायझर सतत चोळल्यानेही ईटीजी थोडं वाढू शकतं. वॉर्डात शक्य तिथे साबण आणि पाणी वापरा. अमेरिकेच्या आरोग्य खात्याखालच्या सॅम्सा संस्थेने 2006 पासून बजावलं आहे, की एकट्या ईटीजीवर कुणाचं करिअर ठरवू नये. तुम्ही प्यायला नसाल आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लगेच, त्याच दिवशी, स्वखर्चाने रक्ताची पेथ टेस्ट मागा. ती मागच्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं दाखवते, सॅनिटायझरने चढत नाही. चार दिवस रडण्यात घालवले तर हा पुरावा कमजोर होतो.

आईने भारतातून औषधांची पिशवी पाठवली आहे.

उघडून एकेक पाकीट वाचा. आपल्याकडच्या खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, पोटदुखीच्या आणि अंगदुखीच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल, जुलाबाच्या काही गोळ्यांत डायफेनॉक्सिलेट. काही आयुर्वेदिक गोळ्यांत चक्क अफू असते. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथे कामाची नाही. प्रोग्रॅमला कळवलेली, इथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधंच घ्या. साध्या सर्दीच्या गोळीसाठीसुद्धा केस मॅनेजरला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

दाढ काढायची आहे, ऑपरेशन आहे. मग दुखणं सोसायचं का?

नाही. आधी प्रोग्रॅमला कळवायचं, सर्जनला तुमचा आजार सांगायचा, शक्य असेल तिथे आयबुप्रोफेन आणि ॲसिटामिनोफेनवर भागवायचं. नार्कोटिक लागलंच तर मोजक्या गोळ्या, त्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात, आणि त्या काळात ड्युटी नाही. उरलेल्या गोळ्या परत केल्याची पावती घ्या. इमर्जन्सीत दाखल झालात तर दुसऱ्या दिवशी डिस्चार्जचे कागद पाठवा.

मी ब्युप्रेनॉर्फिनवर (अफूवर्गाच्या व्यसनावरच्या औषधावर) आहे. ते सोडायला लावतील का?

पूर्वी काही ठिकाणी लावत. 2022 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने इंडियानाच्या नर्सिंग बोर्डाबाबत स्पष्ट निष्कर्ष काढला, की डॉक्टरांच्या सल्ल्याने असं औषध घेणाऱ्या नर्सला प्रोग्रॅममध्ये राहू न देणं हा अपंगत्व कायद्याचा भंग आहे. त्यामुळे कुणी तोंडी "हे बंद करा" म्हटलं तर लेखी मागा आणि वकिलाला दाखवा. अफूवर्गाच्या व्यसनात हे औषध जीव वाचवतं. लायसन्ससाठी ते मनाने बंद करणं मला अजिबात मान्य नाही.

खर्च किती येतो?

बहुतेक सगळा तुमच्या खिशातून. एका टेस्टला 70 डॉलर धरले आणि महिन्याला दोन, तर वर्षाला 1,680 डॉलर नुसते टेस्टचे. शिवाय मूल्यमापन, ग्रुपची फी, वकील. आरोग्य विमा उपचाराला उपयोगी पडतो, देखरेखीच्या टेस्टना सहसा नाही. पैसे थकले की टेस्ट होत नाही आणि टेस्ट झाली नाही की करारभंग होतो, म्हणून चणचण असेल तर थकण्याआधी केस मॅनेजरला लिहा. काही राज्यांत मदतनिधी किंवा हप्ते असतात, पण ते मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

अशा अटींवर नोकरी कोण देणार?

देतात. वेळ लागतो. डायलिसिस, लसीकरण, फोनवरचं ट्रायाज (कुणाला किती तातडीची गरज आहे ते ठरवणं), केस मॅनेजमेंट, विमा कंपनीतलं फाइल तपासणीचं काम, नार्कोटिक्स नसलेली क्लिनिक, इथे आधी बघा. ग्रुपमधल्या नर्सेसना विचारा, कारण कुठली मॅनेजर समजूतदार आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. मुलाखतीत करार लपवू नका, पण आयुष्याची कहाणीही सांगत बसू नका. "मी देखरेखीच्या प्रोग्रॅममध्ये आहे, या माझ्या अटी, हे माझ्या मॉनिटरचं काम" इतकं दोन मिनिटांत सांगता यावं. चाव्या परत मिळायची तारीख आली म्हणून लगेच मागू नका. जिथून गोळ्या घेतल्या त्याच प्रकारच्या मशिनसमोर उभं राहायला आपण तयार आहोत का, हे आधी ग्रुपमध्ये बोला.

मीटिंगमध्ये देवाचं नाव घेतात, इंग्रजीतून मन मोकळं होत नाही.

एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या) बारा पायऱ्या नको असतील तर स्मार्ट रिकव्हरीसारखे देव मध्ये न आणणारे ग्रुप आहेत. ते चालतील का, हे प्रोग्रॅमकडून लेखी घ्या. हजेरीसाठी इंग्रजी ग्रुप धरा, आणि बोलण्यासाठी मराठी एए मीटिंग ऑनलाइन शोधा. जी गोष्ट नवऱ्याला सांगता आली नाही ती पहिल्यांदा मराठीत बोलली जाते तेव्हा बाई कशी हलकी होते, हे मी समोर बसून पाहिलं आहे.

घरच्यांना काय सांगू? मंडळात कळलं तर?

घरात एकाला तरी पूर्ण सांगा. पाच वर्षं सकाळचा अलार्म आणि अचानकची टेस्ट लपवून संसार होत नाही. मंडळाला काहीही सांगायला तुम्ही बांधील नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन हा गट आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव 1986 पासून मराठी घरांत माहीत आहे, तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट चालतो. व्यसन हा आजार आहे हे सासू-सासऱ्यांना पटवायचं असेल तर मुक्तांगणचं नाव इंग्रजी पुस्तिकेपेक्षा जास्त कामाला येतं. बाई व्यसनी असू शकते, हे मात्र आपल्या घरांना अजून जड जातं. तिथे तुमच्या बाजूने बोलणारं कुणीतरी आधी तयार करा.

वडील सिरियस आहेत, भारतात जायचंय.

परवानगीशिवाय विमानात बसू नका. काही प्रोग्रॅम परदेशात टेस्टची व्यवस्था करतात, काही परत आल्यावर केसांची किंवा पेथ टेस्ट घेतात, काही सुरुवातीच्या वर्षात नाहीच म्हणतात. वेळ आल्यावर विचारत बसण्यापेक्षा करार करतानाच "घरात मृत्यू झाला तर मी कुणाला, किती वाजता, कसं कळवायचं?" याचं लेखी उत्तर घ्या. आपले आईवडील हजारो मैलांवर असताना हे कलम आपल्यासाठी पगाराइतकंच महत्त्वाचं आहे.

पुन्हा घेतलं. आता सगळं संपलं का?

नाही. आजच ड्युटी थांबवा आणि आजच केस मॅनेजरला कळवा, टेस्टने सांगण्याआधी. बहुतेकदा नव्याने मूल्यमापन होतं, उपचार वाढतात, मुदत लांबते. लपवून पेशंटजवळ गेलात तर मात्र प्रकरण बोर्डाकडे जातं, आणि जावंच. पेशंटचा जीव आधी, याबाबतीत माझं मन जराही डळमळत नाही.

प्रोग्रॅम पूर्ण झाला. आता?

पूर्ण केल्याचं पत्र मागा. अनेक राज्यांत चालणारं लायसन्स आपोआप परत येतं असं धरू नका, बोर्डाला विचारा आणि सांगतील तसा अर्ज करा. करार, सगळे रिपोर्ट, टेस्टच्या पावत्या, परवानगीचे ईमेल यांची एक प्रत घरात आणि एक दुसरीकडे ठेवा. नव्या राज्यात लायसन्स काढताना किंवा नागरिकत्वाचा अर्ज भरताना कित्येक वर्षांनी हे कागद मागतात आणि तेव्हा जुनी केस मॅनेजर नोकरीत नसते. अर्जावर "तुम्ही कधी अशा प्रोग्रॅममध्ये होतात का" आणि "सध्या आहात का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शब्द नीट वाचून, विचारलं असेल तेवढ्याचंच खरं उत्तर द्या.